शंभरातले त्र्याण्णव

"ख्यालीखुशाली संपली की जरा थांबत जा, अराबा. पाणी पी, खुर्ची सरकव, हवं तर खोक, पण थांब. नाहीतर लोक कामाच्या प्रश्नालाही ख्यालीखुशालीचंच उत्तर देतात," फोनच्या टेबलाची किल्ली हातात ठेवताना कोर्कोर म्हणाली होती. अराबाच्या आधी त्या टेबलाशी कोर्कोर बसायची. तेमाच्या बंदरावर बरी नोकरी मिळाली म्हणून ती निघाली होती आणि जाताना तिला सांगावंसं वाटलं ते एवढंच. अराबा हसली. "थांबत बसले तर एवढी पोरं कधी संपायची गं?" कोर्कोरही हसली, "तुला लग्नाचीसुद्धा घाईच होती," म्हणाली, आणि टेबलावरचा आपला छोटा पंखा काखेत मारून गेली. पुढे बरेच दिवस अराबाला आठवण यायची ती पंख्याची.

काम सोपं होतं. अक्रातल्या त्या बिझनेस स्कूलमधून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या प्रत्येकाला सहा महिन्यांनी फोन करायचा आणि नोकरी लागली का ते विचारायचं. हे दिवस नेमके हर्मटनचे. वाळवंटाकडची धूळ खिडकीच्या फटींतून येऊन टेबलावर बसायची, ओठ फुटायचे, बोलता बोलता घसा कोरडा पडायचा. पण नोकरीचं असं एकदम कोण विचारतं? फोन उचलल्या उचलल्या नोकरीचं विचारणारी बाई म्हणजे घरच्यांनी काही वळण न लावलेली बाई. म्हणून आधी कसा आहेस, मग घरचे कसे आहेत, आई बरी आहे ना, धुळीनं खोकला धरला नाही ना, आणि त्याच दमात, त्याच सुरात, काम कसं चाललंय? समोरूनही त्याच सुरात यायचं: बरा आहे, बरे आहेत, बरी आहे, नाही धरला, चाललंय, देवाच्या कृपेने. 'चाललंय' ऐकू येईपर्यंत अराबाचं बोट 'नोकरीत' या रकान्यावर टेकलेलं असायचं. राष्ट्रीय सेवेचं सक्तीचं वर्ष भरण्यासाठी सरकारनं कुठल्यातरी कचेरीत धाडलेली, नाममात्र भत्त्यावर दिवसभर भिंतीला टेकून बसणारी पोरं, तीही नोकरीत. परदेशी गेलेली नोकरीत. तिकडे नक्की काय करतो हे विचारणं तर फारच वाईट दिसतं. आईच्या दुकानात बसलेली स्वतःच्या व्यवसायात. आणि ज्यांनी फोनच उचलला नाही ती कशातच नाहीत. शेवटी करिअर ऑफिसचे प्रमुख मिस्टर ओसाबुते सगळ्याचा भागाकार करायचे आणि आकडा यायचा, शंभरातले त्र्याण्णव. तो फाटकावरच्या कापडी फलकावर चढायचा. कुमासीहून, हो नावाच्या गावाहून, उत्तरेकडून आलेले आईबाप फलकाखाली उभे राहून मान वर करून तो वाचायचे, मग शेजारी उभ्या असलेल्या आपल्या पोराकडे बघायचे. अराबाला तेव्हा दिवस गेलेले होते. तीही दुपारी जेवायला बाहेर पडली की त्या फलकाकडे बघायची आणि पोटावर हात ठेवायची. ज्या शहरात शंभरातल्या त्र्याण्णवांना काम मिळतं त्या शहरात मूल आणायला तिला तितकीशी भीती वाटत नव्हती.

एको झाला, तीन महिन्यांचा झाला, आणि ती कामावर परतली. नवरा फिफी ताकोराडीला, महिन्यातून एकदा येणारा. बाळाला न्हाऊ घालायला केप कोस्टहून तिची आई येऊन राहिली होती, आणि आई घरात आहे म्हणजे काळजीचं कारण नव्हतं. तरी अराबा दुपारी एकदा फोन करायचीच. त्या दिवशीही केला. "एको कसा आहे?" "बरा आहे, देवाच्या कृपेने. तू जेवलीस का?" जेवले, म्हणून ती फोन ठेवणार होती, आणि तिचा हात तसाच राहिला. तो 'बरा आहे' तिच्या ओळखीचा होता. सकाळपासून तोच तर ती ऐकत होती. सुरुवातीला जरासा वर चढणारा, मग पटकन खाली उतरून दार लावून घेणारा. आणि त्याच्या मागे, अगदी बारीक, कुणीतरी फडकं पिळल्यासारखा आवाज, पाणी घमेल्यात पडल्याचा. भरदुपारी फडकं कशाला पिळायचं? "आई?" "अगं बरा आहे म्हटलं ना. काम कर तुझं." अराबानं पर्स उचलली. मादिनाकडे जाणाऱ्या ट्रोट्रोत, त्या खच्चून भरलेल्या छोट्या बसमध्ये, तिला खिडकीजवळ जागा मिळाली. छाती दुधानं दुखत होती. शेजारच्या बाईनं तिच्या ब्लाउजवरचा ओला डाग पाहिला आणि आपल्या खांद्यावरचं कापड काढून तिच्या मांडीवर ठेवलं. ते कापड छातीशी धरून अराबा संपूर्ण रस्ताभर एवढाच विचार करत होती की आईनं फोनवर चूक काय केली, आणि तिला चूक सापडत नव्हती.

एको तापानं फणफणला होता. आई त्याच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होती. शिया लोण्यानं चोपडलेलं त्याचं अंग दारातल्या उजेडात चमकत होतं.

"खोटं का सांगितलंस?"

"खोटं कुठे? तू विचारलंस कसा आहे, मी म्हटलं बरा आहे. माणसानं विचारल्यावर दुसरं काय म्हणतात? कामावरच्या बाईच्या डोक्यावर फोनमधून ताप नेऊन ठेवायचा?"

"ठेवायचा! मी आई आहे त्याची."

"आणि मी तुझी," आई म्हणाली. फडकं पुन्हा बुडवलं, पिळलं. "तू हॉस्टेलवर होतीस तेव्हा तुझे बाबा अंथरुणावरून उठत नव्हते. दर रविवारी तू फोन करायचीस, मी म्हणायचे बरे आहेत. सगळे पेपर दिलेस ना नीट? मग. आता उभी राहू नकोस, पाज त्याला, नुसती तोंडानं भांडतेयस."

अराबा भिंतीला टेकून बसली. एकोनं तोंड लावलं, सोडलं, पुन्हा लावलं. त्याच्या श्वासाची ऊब तिला कातडीवर कळत होती. बाबा बरे आहेत. तिला तेव्हाचा तो फोन आठवला, हॉस्टेलच्या जिन्याखालची जागा, आणि आईच्या आवाजामागे नेहमी येणारी ती शांतता, रेडिओ बंद असलेल्या घराची. बाबा उठून बसत असते तर रेडिओ लागलाच असता. ती शांतता तेव्हाही तिच्या कानावर पडत होती. तिनं ऐकून घेतली नव्हती एवढंच. मग तिला एकोच्या बारशाची पहाट आठवली. आठवा दिवस, अंगणात धूसर उजेड, थोरल्या मामांनी मांडीवर घेतलेलं ते एवढंसं गाठोडं. मामांनी बोट पाण्यात बुडवून त्याच्या जिभेला लावलं, मग जिनमध्ये बुडवून लावलं. "पाणी म्हणशील तेव्हा पाणीच असू दे. दारू म्हणशील तेव्हा दारूच असू दे." एकोनं दोन्ही वेळा तोंड सारखंच वाकडं केलं आणि सगळे हसले. तिच्याही जिभेला कुणीतरी हे दोन थेंब लावले होते, आईच्याही, मिस्टर ओसाबुतेंच्याही. ती ज्यांना ज्यांना फोन करते त्या पोरांपैकी बहुतेकांच्या. आणि तरी सगळी किती मऊपणानं, किती काळजीनं, पाण्याला दारू म्हणत होती. कुणाला लुबाडण्यासाठी कोणी म्हणत नव्हतं. समोरच्यानं मोठ्या आशेनं पेला पुढे केलाय आणि आपल्याकडे नुसतं पाणीच आहे हे सांगायची लाज, बस.

ताप दुसऱ्या दिवशी उतरला. अराबाचा कान मात्र जाग्यावर आला नाही. आता फोनवर पोरं बोलायची आणि तिला त्यांच्या मागचं ऐकू यायचं. भर कामाच्या वेळेला कोंबडा. कुणाच्या तरी आईचं, "कोण आहे रे?" नळाखाली भरणारी बादली. बँकेत आहे म्हणणाऱ्या मुलीच्या मागे उखळात मुसळ पडण्याचा जड, सावकाश आवाज. कोर्कोरनं सांगितल्याप्रमाणे ती आता थांबून बघायची, आणि थांबलं की पलीकडे माणूस घुटमळायचा, कुणी म्हणायचं, "म्हणजे तसं कायम नाही अजून, सिस्टर," कुणी घाईनं फोन ठेवायचं, एक मुलगी नुसती रडली आणि मग "सॉरी, तुमचं बाळ कसं आहे?" म्हणाली, कारण एको पोटात असताना तिनं अराबाला पाहिलं होतं. आणि मग, रकाना भरता भरता, तिला एलिकेमचा फोन आठवला.

तो फोन एकोच्या तापाच्या आधीचा. एलिकेम तिला चांगला माहीत होता. करिअर ऑफिसात तो उगाचच यायचा, दारात उभा राहून आधी हसायचा आणि मग बोलायचा, उंच, एक खांदा किंचित वर असलेला. व्होल्टाकडचा मुलगा, आई हो गावात, आणि तो अशायमानला आत्याकडे राहून शिकलेला. त्या दिवशी तिनं नेहमीची माळ ओढली आणि तो नेहमीसारखा आधी हसला नाही. "चाललंय, सिस्टर, देवाच्या कृपेने." त्याच्या मागे काहीतरी चुरचुरत होतं, तेलात काही सोडल्यासारखं. तिनं खूण केली. मग तो म्हणाला, "सिस्टर, तुम्ही पुन्हा फोन कराल ना?" आणि ती, पुढचा नंबर शोधत, म्हणाली होती, "नाही रे, एकदाच असतो हा." "बरं," तो म्हणाला होता. हा 'बरं' आता तिच्या कानात असा बसला होता, की एकोला थोपटताना, साबणाचा फेस हातावर असताना, ट्रोट्रोत पोरगा थांब्यांची नावं ओरडत असताना तिला तो ऐकू यायचा. तिनं एलिकेमला फोन लावला. बंद. दुपारी लावला, बंद. दुसऱ्या दिवशी, बंद.

मिस्टर ओसाबुते वाईट माणूस नव्हते. एकोच्या जन्माच्या वेळी त्यांनी स्वतः गाडी काढून तिला दवाखान्यात पोचवलं होतं. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला. हर्मटनमध्ये सगळेच सारखे चष्मे पुसतात.

"आपण खोटं कुठे बोललो, अराबा? ते म्हणाले चाललंय, आपण लिहिलं चाललंय."

"ते ख्यालीखुशाली सांगत होते, सर. मी नोकरी लिहिली."

"मग पुन्हा फोन कर."

"बंद आहे."

"मग सोपं आहे. न सापडलेल्यांत टाक त्याला. म्हणजे तो नोकरीतही नाही आणि बेकारही नाही. कुणावर अन्याय नाही." ते हे इतक्या मायेनं म्हणाले की तिला क्षणभर पटलंसुद्धा. मग तिला दिसलं की न सापडलेले शंभरात धरतच नाहीत. त्र्याण्णवांत नाही, उरलेल्या सातांतही नाही. एलिकेमला तिथे टाकलं की तो दारातून हसत मागे सरेल, एक खांदा वर, आणि नाहीसा होईल, आणि आकड्याला त्याचा ओरखडासुद्धा उठणार नाही. खोट्या रकान्यात का होईना, आज तो कुठेतरी होता.

"सर, तुमची मुलगी कशी आहे? टोरांटोची?" तिनं का विचारलं ते तिलाही कळलं नाही.

"बरी आहे, देवाच्या..." मिस्टर ओसाबुते थांबले. चष्मा हातातच होता. खिडकीबाहेर माळी वाळक्या पानांचा ढीग ओढत होता. "लोकांच्या म्हाताऱ्या आईवडलांना न्हाऊ घालते," ते म्हणाले. "एम.बी.ए. आहे ती. तिलाही आपण नोकरीतच धरलंय." मग चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाले, "त्याचं नाव आत्ता आहे तिथेच असू दे. आधी पोराला शोध."

शनिवारी तिनं एकोला पाठीशी बांधलं आणि अशायमानला गेली. कडुनिंबाच्या झाडाखाली एलिकेमची आत्या बोफ्रोट तळत होती. पिठाचे गोळे तेलात पडत, फिरत, तांबूस होत. हाच तो चुरचुर आवाज. अराबानं सगळी विचारपूस केली, तब्येत, घरचे, धंदा, धूळ, आणि आत्यानंही सगळं यथासांग परत केलं. एलिकेम? बरा आहे, देवाच्या कृपेने. बाहेरगावी गेलाय. कुठे? बाहेरगावी. झारा तेलात फिरत राहिला. अराबा आता थांबली. ती बाकावर बसली, एकोला पुढे घेतलं, एक बोफ्रोट विकत घेऊन फुंकून फुंकून खाऊ लागली. एक गिऱ्हाईक आलं, गेलं. एकोनं आत्याकडे बघून बोळकं उघडलं.

"तू त्या शाळेतली का गं?" आत्या शेवटी म्हणाली. "फोनवाली?"

"हो, आंटी."

"त्या दिवशी मी इथेच बसले होते. फोन मोठ्या आवाजावर ठेवलेला. तू विचारलंस काम कसं चाललंय, तेव्हा त्यानं आधी माझ्याकडे बघितलं. मग तुला उत्तर दिलं." तिनं तयार गोळे निथळत ठेवले. "वर्षं गेली त्याच्या शिक्षणात. माझ्याकडे बघून तो दुसरं काय म्हणणार होता?"

मग एकेक करून सगळं आलं, गोळे सोडता सोडता, मधूनच गिऱ्हाइकाशी बोलता बोलता. शाळेकडून त्याला अभिनंदनाचा मेसेज आला होता. तो सगळ्याच नोकरीवाल्यांना आपोआप जातो हे अराबाला माहीत होतं, आत्याला नव्हतं. तिनं तो शेजारणीला दाखवला. शेजारणीनं गल्लीला सांगितलं. रविवारी आत्या त्याला चर्चमध्ये पुढे घेऊन गेली, सगळ्यांसमोर देवाचे आभार मानले, बायका पांढरे रुमाल हलवत त्याच्याभोवती नाचल्या. "तोही नाचला. अंगात निळा शर्ट. मी म्हटलं, बघा माझं पोर." सोमवारी सकाळी तो शर्ट इस्त्री करून बाहेर पडला. मंगळवारीही. रोज.

"आणि तुम्हाला..."

"मला तिसऱ्या दिवशीच कळलं. पगारी माणूस घरी येऊन एवढं जेवतो का? अगं, ताटातला मक्याचा केंकी वरच्या पानासकट खाल्ला असता त्यानं." ती हसायला गेली, ओठ फुटलेले होते, तिनं जिभेनं ओठ ओला केला. "पण मी सगळ्या चर्चसमोर आभार मानले होते. आता त्याला काय विचारू? तो मला सांगेना, मी त्याला विचारेना. रोज सकाळी दोघं दारात उभे. जातो आत्या. जा बाळा, देव बरोबर असो. आणि मग एक दिवस संध्याकाळी तो आला नाही. फोन बंद. त्याची आई रविवारी फोन करते, मी तिला सांगते बरा आहे."

अराबानं हातातला उरलेला बोफ्रोट बाकावर ठेवला. तिला दिसत होतं ते भर उन्हात कुठल्याशा कचेरीबाहेरच्या सावलीत बसलेलं पोर, इस्त्रीचा शर्ट, घड्याळाकडे बघत पाच वाजायची वाट पाहणारं. खऱ्या नोकरदारांबरोबर घराकडे निघणारं. शंभरातल्या त्र्याण्णवांत आपलं नाव घातलंय म्हणून रोज तिथे हजेरी लावणारं. कुणाच्याच मनात त्याचं वाईट नव्हतं. आत्याच्या नाही, तिच्या नाही, फलकाखाली मान वर करून उभ्या असलेल्या कुणाच्याच नाही. सगळ्यांनी मिळून किती अलगद त्याला उचललं आणि घराबाहेर ठेवून दिलं. एको मांडीवर हुंकारला. आत्यानं पिठाचे हात कमरेच्या कापडाला पुसले आणि न विचारता त्याला उचलून घेतलं, छातीशी धरलं, आणि तशीच, पाठ फिरवून, कडुनिंबाच्या खोडाकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. तेल करपायला लागलं तेव्हा अराबानं उठून चूल मंद केली.

पुढच्या रविवारी आत्या चर्चमध्ये पुन्हा पुढे गेली आणि उभं राहून जे होतं ते सगळं बोलली. रुमाल कुणी हलवला नाही, पण म्हणतात की बऱ्याच बायका तिच्या पाठोपाठ उठल्या, आणि एकेकीनं आपल्या पोरांचं खरं खरं सांगितलं. अहवाल छापायला जायला अजून अवकाश आहे. मिस्टर ओसाबुते रोज दारात येतात, भुवया उंचावून विचारतात आणि अराबा नाही म्हणून मान हलवते. एलिकेमचं नाव आहे तिथेच आहे. कुणी म्हणतं कुमासीकडे गेला, कुणी म्हणतं टेचिमानच्या बाजारात दिसला. तिला सगळीकडे जाता येत नाही, एको लहान आहे.

म्हणून अराबाचं तुमच्याजवळ मागणं आहे. तुम्ही त्या बाजूला असाल, बस थांबते तिथे, बँकांच्या पायऱ्यांजवळ, झाडाखाली जिथे ऑफिसातली माणसं दुपारी बसतात तिथे, तर जरा बघा. उंच आहे, एक खांदा किंचित वर, निळा शर्ट, आता कदाचित मळला असेल. बोलायच्या आधी हसतो. त्याला कामाचं विचारू नका. आत्यानं चर्चमध्ये सगळं सांगून टाकलंय, आता घरी लपवायला काही उरलं नाही, एवढा निरोप द्या. मग शेजारच्या टपरीवरून काहीतरी गरम घ्या, त्याच्या हातात द्या, आणि तो खाईपर्यंत त्याच्याजवळ बसा.